पन्हळ नसलेली पिंडी

पाळण्याची दोरी उंदरांनी कुरतडली, म्हणून सगुणा कारखान्याच्या माळ्यावर चढली. चिमीला खाली ठेवायची सोय नव्हती. दहा महिन्यांची पोर, जमिनीला टेकवली की थेट भट्टीकडं रांगत निघायची. तेव्हा लेक कडेवर, शिडी पायाखाली आणि जीव मुठीत, अशी ती वर पोचली. जादा दोर कोपऱ्यातल्या खोक्यामागं असायचा. तिनं खोकं पुढं ओढलं, त्यावरचं गोणपाट घसरलं, आणि आत पाहून दोराचं तिला भानच राहिलं नाही.

खोक्यात मातीचे इवलेसे मनोरे होते. अंगठ्याएवढे. खाली गोल बैठक, मधे फुगीर पोट, वर टोक. सगळे एका साच्यातून काढलेले, रांगा धरून उभे. चार-पाचशे तरी असतील. मुंग्यांची फौज कुणी कवायतीला उभी करावी तसे.

तेवढ्यात चिमीनं वाकून त्यातला एक उचलला आणि तोंडात घातला. वर दोन, खाली दोन, असे चारच दात तिला, पण कामाला पक्के.

"थू कर! थू थू! अगं, माती आहे ती!"

सगुणानं बोट घालून चिखल बाहेर काढला. चिखलाबरोबर तांदळाचा एक दाणा आला.

तिनं दुसरा मनोरा नखानं फोडला. त्यातही दाणा. तिसऱ्यातही. अख्खा, न तुटलेला, पोटात नीट बसवलेला.

सगुणानं हात झटकून घेतला. तिच्या माहेरी, सासवडला, एका बाईची गोष्ट सांगत. ती मातीत दाणा पुरून करणी करायची म्हणे. दाणा आत सुकत जाईल तसतसं ज्याच्या नावानं तो पुरला ते माणूस बाहेर सुकत जायचं. तिनं चिमीचे दंड चाचपले. दंड गुबगुबीत होते. तरी तिनं ते दोनदा चाचपले. मग एक मनोरा पदराच्या गाठीत बांधला, गोणपाट होतं तसं सारखं केलं आणि दोर न घेताच खाली उतरली.

कारण तो माळा जयसिंगचा होता.

जयसिंग फाल्गुनात आला होता. गोसाव्यांचा एक जथा उत्तरेकडून आला, दोन रात्री कसब्यात उतरला आणि रामेश्वराच्या वाटेला लागला. जाताना तापानं फणफणलेला हा माणूस तांबट आळीच्या तोंडाशी ठेवून गेला. दत्तोबा तांबटानं, म्हणजे सगुणाच्या नवऱ्यानं, त्याला उचलून घरात आणलं. ताप उतरल्यावर कळलं, की गडी ओतकाम जाणतो. आणि जाणतो म्हणजे कसा? दत्तोबानं एका देवळाची घंटा करायला घेतली होती, ती तीनदा ओतून तीनदा तडकली होती. ह्यानं मेणाचा साचा करून पहिल्या खेपेला ओतली, आणि तिचा नाद ऐकायला आळीतले सगळे हातोडे थांबले. तेव्हापासून दत्तोबाला त्याच्यापुढं दुसरं कुणी दिसेनासं झालं.

सगुणाला मात्र बरंच काही दिसे. नाव रजपुताचं, पण तोंडावळा रजपुताचा नाही. गाल रुंद, डोळे बारीक, दाढीच्या जागी चार केस. आला गोसाव्यांबरोबर, पण अंगाला भस्म म्हणून नाही. गाव विचारलं की नेपाळ म्हणे आणि हात वर करून बर्फ पडल्यासारखी बोटं हलवी. श्रावण लागल्यापासून रोज पहाटे नदीवर जाई, येताना ओल्या मातीचा गोळा आणी आणि कामाला बसायच्या आधी तासभर माळ्यावर पुटपुटत बसे. शिवाय भेटेल त्याला एकच विचारी: इकडच्या डोंगरात जुनी लेणी कुठं आहेत? किती लांब? वाट कुठून?

दिवसही बरे नव्हते. संगमावर इंग्रजांचा वकील बंगला बांधून बसल्यापासून पुण्यात कुणाचा कुणावर भरवसा उरला नव्हता. गोसावी, फकीर, डोंबारी, जो म्हणून वाटेनं चालतो तो कुणाचा तरी हेर, असं पाणवठ्यावर उघड बोललं जाई. डोंगर कशाला विचारतो हा माणूस? डोंगरावर गड असतात म्हणून. दुसरं काय असतं डोंगरात?

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी चावडीवरचा प्यादा संभाजी दारात येऊन उभा राहिला.

"काय दत्तोबा, पाहुणा आहे का उडाला?"

"भट्टीशी बसलाय. उडायला त्याला पंख आहेत होय?"

"नसलेले बरे. त्याचा परवाना उद्या संपतोय. दिवेलागणीच्या आत त्याला चावडीवर आणा, आणि कुणीतरी हाजीर जामीन राहा. नाहीतर पाहुण्याला हद्दीबाहेर घालवायचं. कारकुनांनी सांगितलंय."

"ह्या पावसात? नद्या भरल्यात. मरेल तो. मी राहतो जामीन."

संभाजी मिशीत हसला. "घाई नको. हाजीर जामीन म्हणजे काय ते ठाऊक आहे ना? बोलावतील तेव्हा पाहुणा हजर पाहिजे. पळाला, तर तो सापडेपर्यंत तुमचे पाय खोड्यात. आणि हेर निघाला, तर मग खोडासुद्धा इथला नाही, गडावरचा."

दाराआड उभ्या असलेल्या सगुणानं चिमीला इतकं घट्ट धरलं, की चिमी रडायला लागली.

रात्री पानं मांडल्यावर तिनं गाठ सोडून तो मनोरा दत्तोबाच्या ताटाशेजारी ठेवला. दत्तोबानं तो उचलला, डोळ्याशी नेला, उलटा करून पाहिला. "साचा सुरेख केलाय. कडा बघ कशी सुटलीय."

"अहो, साच्याचं काय घेऊन बसलात! आत तांदूळ आहे. शेकड्यानं करून ठेवलेत आपल्या डोक्यावर."

"अगं, श्रावण आहे. तू नाही का मातीची पिंडी करून नदीत सोडत?"

"पिंडीला शाळुंका असते. पाणी जायला पन्हळ असते. ह्याला कुठाय?"

दत्तोबानं मनोरा पुन्हा उलटा करून पाहिला. उत्तर दिलं ते आत्याबाईंनी. आत्याबाई म्हणजे दत्तोबाच्या वडिलांची बहीण. वयानं साठीच्या, जिभेनं सोळाच्या. "दत्तू, तुला तांब्यातलं हीण ठोक्यावर कळतं. माणसातलं कळायला माणसाला ठोकायला लागतं. ते तुझ्या बापालाही जमलं नाही."

दत्तोबानं ताट बाजूला सारलं. मग सगुणाकडं पाहून म्हणाला, "हे बघ. खोड्यात पाय माझे जाणार, पण चूल तुझी विझणार. म्हणून तूच सांग. उद्या दिवेलागणीला चावडीवर तू नको म्हणालीस, तर मी निशाणी करणार नाही. हो म्हणालीस तर करीन. मग पुन्हा बोलायचं नाही."

ह्यापरता तो भांडला असता तर सगुणाला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी श्रावणातला पहिला सोमवार. लग्नाला पाच वर्षं व्हायची होती, तेव्हा शिवामूठ वाहणं आलंच. पहिल्या सोमवारी तांदळाची मूठ. आत्याबाई आणि सगुणा चिमीला घेऊन भांबुर्ड्याच्या पाताळेश्वराला निघाल्या, तर जयसिंग आंघोळ करून दारात उभा. खांद्याला झोळी.

"वैनी, मी पण येतो? तिथं पत्थर कोरून मंदिर आहे, दत्तोबा बोलला."

सगुणानं आत्याबाईंकडं पाहिलं. आत्याबाईंनी डोळे मिचकावले. डोळ्यांसमोर असलेला बरा, असा त्याचा अर्थ.

लाकडी पुलावरून पलीकडं गेलं, की बाजरीच्या शेतांमधून वाट होती. जयसिंग दहा पावलं पुढं चाले आणि प्रत्येक वळणावर थांबून मागं बघे. सगुणाला वाटलं, वाट पाठ करतोय. पाताळेश्वरात बायकांची दाटी होती. सगुणानं मूठ वाहिली, थोडे तांदूळ प्रसादाचे म्हणून पदराला परत बांधले आणि पन्हळीपर्यंत जाऊन मागं फिरली. महादेवाची प्रदक्षिणा अर्धीच असते, पन्हळ ओलांडायची नसते, हे काय कुणी शिकवावं लागतं? ती बाहेर आली तेव्हा जयसिंग पायरीवर बसलेला. आत जाऊन, हात जोडून, चारी बाजू बघून तो केव्हाच बाहेर आला होता आणि त्याचा चेहरा पडला होता.

"हे नाही," तो म्हणाला.

"हे नाही म्हणजे? मग कुठलं पाहिजे होतं?" आत्याबाईंनी विचारलं. "महादेवाला नापसंत करणारा पहिलाच पाहिला मी."

पण तो गुरवाकडं वळला होता. हातांनी हवेत काहीतरी गोल काढून दाखवत होता. गुरव डोकं खाजवत म्हणाला, "तसलं? तसलं त्या टेकडीत आहे एक. पांडवांनी एका रात्रीत कोरायला घेतलं, कोंबडा आरवला आणि तसंच टाकून गेले. आत एक भली मोठी पिंडी आहे. पूजाबिजा काही नाही. धनगर शेरडं बांधतात पावसात."

"गोल? वर असं?" जयसिंगनं एका हाताच्या मुठीवर दुसऱ्या हाताची बोटं जुळवून टोक केलं.

सगुणानं पदर घट्ट धरला. तोच आकार, रात्री परत बांधून ठेवलेला, तिच्या पदराच्या गाठीत होता.

"वैनी, तुम्ही घरी जा. मी येतो. संध्याकाळी, चावडीवर." एवढं बोलून तो शेताच्या बांधावरून निघालासुद्धा. जवळजवळ पळतच.

"गेला," आत्याबाई म्हणाल्या. "ह्यालाच म्हणतात पळणं. संध्याकाळी दत्तूचे पाय चेपायला चावडीवर जायचं ना आपण? चल, बघू तरी कुठं जातो ते."

त्या दोघी मागं निघाल्या. आत्याबाईंचे गुडघे दुखत होते, सगुणाच्या पोटात सकाळपासून अन्न नव्हतं, आणि चिमी कडेवर झोपून दगडासारखी जड झाली होती. मधे एक ओढा लागला. पलीकडच्या काठावर जयसिंग वळून उभा. त्यानं त्यांना पाहिलं होतं! पण तो ना दचकला ना लपला; उलट पाण्यात उतरून परत आला आणि चिमीला घ्यायला त्यानं हात पुढं केले. "पानी जास्त आहे, वैनी."

"माझी मुलगी मी नेईन," सगुणा म्हणाली.

त्यानं हात मागं घेतले. आत्याबाईंना मात्र धरून पलीकडं नेलं, आणि आत्याबाईंनीही त्याचा हात धरला. संशय वेगळा, गुडघे वेगळे. काठावर सोडताच तो पुन्हा सुटला.

लेण्याच्या तोंडाशी करवंदीच्या जाळ्या माजल्या होत्या. वरची कमान पिंपळपानासारखी, अर्धी ढासळलेली. त्या दोघी खांबाआड उभ्या राहिल्या. आत शेरडांच्या लेंड्यांचा आणि वटवाघळांचा वास. डोळे अंधाराला सरावल्यावर दिसलं: दोन्हीकडं खांबांच्या रांगा, आणि टोकाला, जिथं रांगा वळून एकमेकींना मिळत होत्या तिथं, माणसाच्या दुप्पट उंचीची ती दगडी पिंडी. कुणी धनगरानं कधीतरी तिला शेंदूर फासला होता.

जयसिंगनं झोळी सोडली. आतून मातीचे ते मनोरे काढून पिंडीच्या पायाशी एकेक मांडले. मग जमिनीवर पालथा पडला आणि बराच वेळ उठलाच नाही. उठला तो डावीकडून चालू लागला, बोटांची पेरं मोजत, ओठ हलवत. पिंडीच्या मागच्या काळोखात गेला आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आला.

आत्याबाईंनी सगुणाचा दंड असा पकडला की बांगडी पिचली. "पाहिलंस? पाहिलंस? सबंध फिरला! पन्हळ ओलांडून! हिंदूचं रक्त असतं तर पाय धजला असता का? आणि मोजतोय काय? पावलं मोजतोय! इथं किती माणसं मावतील, किती दारूगोळा मावेल... मी चालले चावडीवर."

"आत्याबाई, थांबा, मीही..."

पण आत्याबाई टेकडी उतरायला लागल्या होत्या, आणि आता गुडघे कुणाला आठवतात? त्या गडबडीनं चिमी जागी झाली आणि अनोळखी अंधार पाहून तिनं भोकाड पसरलं. सगळं लेणं रडायला लागल्यासारखा तो आवाज घुमला.

जयसिंग वळला. लपण्यात अर्थ नव्हता. सगुणा दोन पावलं पुढं गेली, गाठ सोडून तिनं मनोरा तळहातावर धरला.  "हे काय आहे? माझ्या घरात, माझ्या लेकीच्या डोक्यावर हे कशाला करून ठेवलंस? कुणाच्या नावानं?"

जयसिंग तिच्या हाताकडं पाहतच राहिला. शब्द सापडेनात तसा तो आधी नुसतेच हात हलवू लागला. मग तुकड्यातुकड्यांनी सांगू लागला. त्याच्या गावात ह्याच महिन्यात, रोज सकाळी, घरोघर असं करतात. त्याची आई करते. आत दाणा घालायचा, नाहीतर ती नुसती माती. महिना संपला की नदीला द्यायचे. नाव कुणाचं नाही. सगळ्यांचं. "तिथं आईचे हात चालत असतील. माझे का थांबावे? आणि हे," त्यानं पिंडीकडं पाहिलं, "हे मोठं आहे तेच. तिथं आमच्या प्रत्येक आळीत असतं. सगळे पूर्ण फेरा घेतात, बोटावर नाम मोजत. गोसावी बोलले होते, दक्खनच्या डोंगरात पुष्कळ आहेत. पाच महिने शोधतोय."

खरं वाटावं असं होतं. आणि तेच सगुणाला खुपत होतं; हेराचं बोलणं गोडच असतं, कडू बोलणारा हेर कुणी ठेवील का? आईचं नाव काढलं की बायका विरघळतात, हे कुणालाही कळतं. तिनं पदराला हात लावला, तर दुसऱ्या गाठीत तिचेच शिवामुठीचे तांदूळ. तिची मूठ ती पूजा, त्याचा दाणा ती करणी? पण नाही, ह्यानं पन्हळ ओलांडली होती. डोळ्यांनी पाहिलं होतं.

हे सगळं मनात चाललं असताना चिमी तिच्या कडेवरून घसरली कधी, ते कळलंच नाही. कळलं तेव्हा ती खांबांमागच्या वाटेनं रांगत निघाली होती. मनोऱ्यांकडं नाही, उजेडाकडं नाही, बरोब्बर अंधारात.

"चिमे! ए चिमे!"

पोर थांबते थोडीच! तळहातांचा चट् चट् आवाज करत ती पुढं, आणि वाकून, एक हात पिंडीला टेकत सगुणा मागं. मागच्या बाजूला इतका काळोख की फक्त तो चट् चट् ऐकू येत होता. अर्ध्यावर आल्यावर सगुणाचा पाय आपोआप अडला. पन्हळ इथंच असणार. वर्षानुवर्षं जिथून मागं फिरायची सवय, तिथं पाऊल पुढं टाकायचं कसं? तिनं घाबरत हातानं चाचपलं.

पन्हळ नव्हती. तिनं खाली चाचपलं, वर चाचपलं. दगड गोल होता, नुसता गोल, रांजणाच्या पोटासारखा. शाळुंका नाही, पन्हळ नाही, पाणी जायला खाच नाही. ओलांडायला तिथं काही नव्हतंच.

आणि तेव्हा तिच्या अनवाणी पायांना दुसरं एक कळलं. पायाखालचा दगड खोलगट होता. बाहेर दालनात जमीन खडबडीत, छिन्नीचे घाव तसेच. इथं मात्र रोज घासलेल्या परातीसारखी गुळगुळीत, मधे बसलेली. म्हणून तर चिमी ह्या वाटेनं सुसाट निघाली होती. तिच्या गुडघ्यांना टोचत नव्हतं. सगुणा तांबटाची बायको. धातू कुठं झिजतो, का झिजतो, हे तिनं बारा वर्षांची असल्यापासून पाहिलेलं. एका माणसानं दगड असा झिजत नाही. शंभरांनी नाही. इथून माणसं चालली होती, पिढ्यान् पिढ्या, आणि अर्ध्यावरून कुणी मागं फिरलं नव्हतं. फिरलं असतं, तर मागची बाजू कोरी राहिली असती.

ती तशीच पुढं गेली. दुसऱ्या बाजूनं उजेडात आली तेव्हा चिमी जयसिंगच्या मांडलेल्या रांगेपुढं बसून एका मनोऱ्याचं टोक चावत होती, आणि जयसिंग तिला अडवत नव्हता. सगुणाकडं मात्र तो डोळे मोठे करून पाहत होता, कारण तिनं काय केलं हे त्याला कळलं होतं.

"चल," ती एवढंच म्हणाली. "दिवेलागण होईल."

परतताना ओढ्यापाशी त्यानं हात पुढं केले नाहीत. तिनंही चिमीला दिलं नाही.

चावडीवर पोचल्या पोचल्या तिला कळलं, की आत्याबाईंनी कामाला कसूर केलेली नाही. दत्तोबा खाली मान घालून बसला होता. संभाजीनं जयसिंगचा दंड धरून त्याला कोपऱ्यात उभं केलं. कारकून, अंगानं नाजूक आणि बोलण्यानं त्याहून नाजूक असा मध्यमवयीन गृहस्थ, पाटावर कागद ठेवून बोरू तासत होता.

"या बाई. आपल्याचसाठी खोळंबलो होतो. ह्या आजी म्हणतात, हा मनुष्य महादेवाचं सोमसूत्र ओलांडून सबंध प्रदक्षिणा करता झाला आणि पावलं मोजता झाला. म्हणजे आपला धर्म ह्याला ठाऊक नाही, आणि सोंग मात्र यात्रेकरूचं. खरं?"

"फिरला ते खरं," सगुणा म्हणाली. "ओलांडलं ते खोटं."

"ही काय भानगड?"

"तिथं सोमसूत्र नाहीच. शाळुंका नाही, पन्हळ नाही. मी हात लावून पाहिलं. मीही सबंध फिरले."

"अगं बाई!" आत्याबाईंनी गालावर हात मारून घेतला.

"म्हणजे आपणही हेर?" कारकुनानं विचारलं.

"माझी मुलगीसुद्धा. ती तर रांगत फिरली."

संभाजी हसला, आणि कारकुनानं बघताच खोकला. "मग तो देव कोणता, ते तरी सांगा."

"ते मला माहीत नाही. पण त्याच्याभोवतीची फरशी झिजलीय. सगळीकडून, मागूनसुद्धा. पुष्कळ माणसं तिथं अशीच फिरली असणार. ह्यानं नवं काही केलं नाही."

"फरशीची झीज हा काही पुरावा नव्हे, बाई."

"आपल्या चावडीचा उंबरा बघा. मधेच झिजलाय. माणसं कुठून आत येतात हे त्याला विचारायला लागतं का?"

कारकुनानं खरोखरच मान वळवून उंबरा पाहिला. मग बोरू शाईत बुडवला. "बरं. तरी आजींचं बोलणं मी ऐकलंय, ते कानाआड कसं करू? त्यांच्याविरुद्ध कुणी साक्ष घातली, तर हा कागद होईल. दत्तोबा जामीन, आपण साक्षी. पाहुणा दर आठव्या दिवशी इथं हजर. चुकला, तर जबाब दोघांनाही द्यावा लागेल. विचार करा. तान्हं मूल आहे."

दत्तोबानं मान वर केली. तिच्याकडं पाहिलं. बोलायचं नाही असं ठरलंच होतं. 

सगुणानं जयसिंगकडं पाहिलं. तो हेर नाही, हे तिला कुठं ठाऊक होतं? त्याचं गाव तिनं पाहिलं नव्हतं, त्याची आई पाहिली नव्हती. असेल तो कुणाचाही. उद्या पहाटे नदीवर जाईल आणि परत येणारही नाही. ह्या सगळ्यातली एकच गोष्ट तिच्या पायांना ठाऊक होती, आणि ती त्यानं खरी सांगितली होती. एका खऱ्या गोष्टीवर नवऱ्याचे पाय ठेवायचे का? चिमीनं जांभई दिली. तिच्या हनुवटीवर मातीचा ओघळ वाळला होता. आणि दंड तसेच गुबगुबीत होते.

"हो," सगुणा म्हणाली.

दत्तोबानं कागदावर निशाणी केली, हातोड्याची. मग कारकुनानं बोरू तिच्याकडं केला. "बायकांची निशाणी बांगडी. एक वर्तुळ काढा."

चिमीला आत्याबाईंच्या मांडीवर देऊन ती वाकली. लिहिण्याचं साधन तिनं जन्मात धरलं नव्हतं. रेघ वरून निघाली, उजवीकडून खाली आली, आणि अर्ध्यावर हात थांबला. शाईचा एक टिपका तिथं फुगला. तिनं श्वास घेतला, बोरू पुढं नेला, वर चढवला आणि सुरुवातीला नेऊन मिळवला.

कारकुनानं कागद दिव्याजवळ धरला. "वाकडी आलीय."

"तुम्हाला थोडीच घालायचीय?" आत्याबाई म्हणाल्या.

घरी जाताना आळीत दिवे लागले होते. सगुणा मुद्दाम सगळ्यांच्या मागं राहिली. जयसिंग पुढं चालत होता. तो कोणत्या वळणावर मागं बघतो, कुणाकडं बघतो, ह्यावर तिनं नजर ठेवली होती, आणि ती पुढच्या सोमवारच्या हजेरीपर्यंत ठेवणार होती. चिमी मात्र त्याच्या खांद्यावर झोपली होती. आत्याबाईंचे गुडघे गेले होते, दत्तोबा त्यांना धरून चालवत होता, आणि कडेवर घ्यायचं त्राण सगुणात उरलं नव्हतं. चावडीच्या पायरीवर तिनंच लेक त्याच्या हातात दिली होती.